भैरवीनंतरचं गाणं

मामांनी भरून दिलेल्या अमेरिकन ब्लूज-जॅझच्या कॅसेटच्या आतल्या कागदावर सगळी नावं देवनागरीत आहेत. शाईचं पेन, बारीक अक्षर, उजवीकडे थोडं कललेलं. 'बेसी स्मिथ, पायपेटीसह'. 'ड्यूक एलिंग्टन, आगगाडीचं'. 'बिली हॉलिडे, रात्री ऐकणे'. आणि दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी, रेडिओवर नाव पुरतं ऐकू आलं नसावं, म्हणून नुसतंच 'आंधळे गायक, शब्द नाहीत'.

१९८७ साली मी शिकायला पुण्याला निघाले, तेव्हा स्टेशनवर मामांनी ती माझ्या हातात ठेवली. घरच्या सगळ्यांनी लाडू-चिवडा दिला होता, मामांनी कॅसेट दिली. तेव्हा इंदुरात कॅसेट भरून देणारी दुकानं राजवाड्याच्या आसपास पुष्कळ होती. यादी नेऊन द्यायची, दुकानदार विचारायचा, साठ की नव्वद? दोन दिवसांनी कॅसेट तयार. मामांना ते पटायचं नाही. दुकानदार गाणी यादीच्या क्रमानं ओतत जातो आणि उरलेल्या जागेत कुठलंही अर्धं गाणं कोंबतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते स्वतः भरायचे. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं, गाण्याला किती वेळ लागतो ते आधी वहीत टिपायचं, पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू, पंचेचाळीसची दुसरी. कुठलं गाणं कुणाच्या शेजारी बसवायचं यावर त्यांचे रविवार जायचे. 'शेजार' हा त्यांचाच शब्द. शेजार चुकला की चांगलं गाणंही बेचव होतं, म्हणायचे.

ती कॅसेट मी वाजवून वाजवून झिजवली. एकदा टेपनं रीळ खाल्ली, पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळली. मग दोन पावसाळे ती एका खोक्यात राहिली आणि रिळेवर पांढरी बुरशी आली. आता वाजत नाही. कागद तेवढा शाबूत आहे.

यंदा मामा आमच्याकडे राहायला आले. वय ८६. मामी गेल्यावर रामबागेतली खोली त्यांनी सोडली. मी ठरवलं, ते ९० मिनिटांचं पुन्हा भरायचं. जुनं जसंच्या तसं नाही, माझ्या आवडीचंही घालून, पण त्यांच्या नियमांनी: दोन बाजू, पंचेचाळीस अधिक पंचेचाळीस. माझा भाचा याला मिक्स म्हणतो आणि त्याच्या फोनवर अशी मिक्स कितीतरी आहेत, सहा-सहा तासांची. मला मात्र मर्यादा हवी होती. जागा अमाप असली की काहीच गाळावं लागत नाही, आणि गाळावं लागलं नाही तर गाणं आपल्याला खरंच किती हवंय हे कळत नाही.

मामांचं हे सगळं सुरू झालं शॉर्टवेव्हवर. ते एका कापड मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. दुसरी पाळी संपवून सायकलनं घरी यायचे, जेवायचे आणि रेडिओला कान लावून बसायचे. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओवर विलिस कॉनोव्हर नावाचे निवेदक १९५५ पासून जॅझचा कार्यक्रम करत. इंग्रजी ही ज्यांची भाषा नाही अशा श्रोत्यांसाठी ते मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत. मामांचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण कॉनोव्हर त्यांना समजायचे. कार्यक्रमाची सुरुवात एलिंग्टनच्या वाद्यवृंदाच्या 'टेक द ए ट्रेन'नं व्हायची. बिली स्ट्रेहॉर्न यांची रचना, आणि ती ट्रेन म्हणजे न्यूयॉर्कची हार्लेमकडे जाणारी भुयारी गाडी. मामांना ते बरंच उशिरा कळलं. तोवर त्यांच्या डोळ्यांपुढे महूकडे जाणारी मीटरगेजची गाडी असायची. मिक्सचं पहिलं गाणं कुठलं, हा प्रश्न मला पडलाच नाही. सुरुवातीला पियानोचे ते उतरते स्वर आले की जे काही येणार आहे ते रात्रीचं आहे, दुरून येतंय, हे कानाला समजतं.

अडचण पुढे होती. मामांना आता ऐकू कमी येतं. कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला होता: खालच्या पट्टीकडची रेघ बरीचशी सरळ, वर जाऊ लागलं की घसरत घसरत कागदाच्या तळाशी. म्हातारपणी बहुतेकांचे कान असेच जातात, वरचे स्वर आधी. यंत्र लावलं तरी सगळं परत येत नाही. म्हणजे झांजेची किणकिण गेली, ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशची सळसळ गेली. कॉंट्राबासचा घुमारा आहे, मंद्रातले आवाज आहेत, तुतारीसारख्या वाद्यांचा गाभा आहे. मला मिक्स या कानांसाठी करायचं होतं.

माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं 'सो व्हॉट' मला फार हवं होतं. सुरुवातीला पॉल चेंबर्सचा बास काहीतरी विचारतो, बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. मग माइल्सचा ट्रंपेट सुरू होतो, नेमक्या त्याच क्षणी जिमी कॉब झांजेवर एक घाव घालतो आणि तो घाव हवेत पसरत राहतो. माझ्या लेखी त्या पूर्ण तबकडीतला हाच क्षण. मामांना लावून दाखवलं. बास त्यांनी डोलत ऐकला. झांज आली आणि गेली, त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी ते गाणं काढलं. त्याच तबकडीवरचं 'ब्लू इन ग्रीन' घेतलं. त्यात ट्रंपेटच्या तोंडाला म्यूट लावलेला आहे, आवाज एखाद्यानं ओंजळीत तोंड धरून बोलावं तसा येतो. तो त्यांना पोचला. डेव्ह ब्रूबेक चौकडीचं 'टेक फाइव्ह'ही गाळलं, पण त्याचं कारण कान नव्हे. पाच मात्रांचं म्हणून त्याचं कौतुक करतात, आणि पाच-पाच मात्रांच्या झपतालात वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही.

बेसी स्मिथ मात्र दुसऱ्या क्रमांकावर हवीच होती. 'सेंट लुइस ब्लूज' हे डब्ल्यू. सी. हँडी यांचं १९१४ चं गाणं. बेसीनं ते १४ जानेवारी १९२५ ला न्यूयॉर्कमध्ये गायलं. साथीला दोनच माणसं: ट्रंपेटसारख्या कॉर्नेटवर २३ वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग आणि फ्रेड लाँगशॉ. लाँगशॉ एरवी पियानो वाजवायचे, पण त्या दिवशी ते पायानं भाता मारायच्या ऑर्गनवर बसले. आपल्याकडे संगीत नाटकाच्या पिटात असायची ती पायपेटीच. ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन नव्हता, भिंतीतून बाहेर आलेल्या भोंग्यासमोर उभं राहून गायचं. मामांच्या आयुष्यात भोंगा म्हणजे मिलचा, पाळी सुरू झाल्याचा. भोंग्यात गायचं असतं हे त्यांना फार विलक्षण वाटायचं.

ही पायपेटीच मामांना धरून राहिली. गणेशोत्सवात आमच्या मंडळाची नाटकं व्हायची त्यांत ते स्वतः पायपेटी वाजवायचे. नाटकाला जी पायपेटी दिंडी-साकीला आधार देते, ती इथे लांबलचक, जड सूर धरून बसते, हलतच नाही. बेसी त्या सुरावर उभी राहून गाते. पण तिचा गंधार पेटीच्या पट्टीवर बसत नाही. तो ना शुद्ध, ना कोमल, दोन्हींच्या मधे कुठेतरी, खालून ओढत आणलेला. पेटी शुद्ध गंधार धरून असते आणि गळा त्याला घासून जातो. ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या या गाण्याचा, जीव या घासण्यात आहे. जोग राग आवडणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही, तिथेही दोन्ही गंधार एकमेकांकडे बघत असतात. बेसीची ओळ संपली की आर्मस्ट्राँग तिच्या मागच्या मोकळ्या जागेत चार-सहा स्वर टाकतो. ती पुन्हा तीच ओळ म्हणते, तो पुन्हा टाकतो, पण वेगळे. ब्लूजची बांधणीच अशी: ओळ एकदा, तीच ओळ दुसऱ्यांदा, मग तिसरी तिचं उत्तर. दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ पहिलीसारखी राहत नाही. ख्यालाची अस्ताई फिरून फिरून ऐकणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं.

त्या गाण्यातल्या बाईला सूर्य मावळताना बघवत नाही. मामांकडे दिवेलागणीला मारवा लागायचा, अमीर खाँसाहेबांचा. १९६० च्या त्या तबकडीवर एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. खाँसाहेबांची तालीम इंदुरातली, त्यामुळे आमच्या आळीत त्यांचं नाव घरातल्या माणसासारखं घेत. मारवा संपला की मामा बऱ्याचदा बेसी लावायचे. मी लहान होते, मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं, सूर्यास्ताला आधी विलंबित ख्याल मग अमेरिकेतली बाई. एकदा ते आजोबांना समजावत होते: मारव्यात षड्जावर टेकू देत नाहीत म्हणून जीव लागत नाही, ही षड्जावर येऊन टेकते, तरी जीव लागत नाही. आजोबांनी "हूं" म्हटलं आणि पेटी चांगली वाजवलीय असा शेरा दिला. खाँसाहेब १९७४ मध्ये कोलकात्यात मोटार अपघातात गेले. बेसीही १९३७ मध्ये तशाच अपघातात गेली होती, मिसिसिपीमध्ये. खाँसाहेब गेले त्या दिवशी मामांनी काहीच लावलं नाही, एवढं मला आठवतं.

मिसिसिपीच्या नावाशी थांबावं लागतं. ब्लूज जिथे वाढला तो प्रदेश म्हणजे कापसाचं रान. गुलामगिरी कायद्यानं संपली तरी तेच काळे लोक, त्याच मालकांच्या शेतात, वाट्यानं कापूस पिकवत आणि वर्षाखेरीच्या हिशेबात कर्जदारच निघत. मामांनी हे कुठेतरी वाचलं होतं. त्यांचं आयुष्यही कापसातच गेलेलं. माळव्याची काळी माती, कपाशी, तिच्यावर उभ्या राहिलेल्या इंदूरच्या मिल्स. स्पिनिंग खात्यात बारीक तंतू हवेत तरंगत असायचे, संध्याकाळी मामांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. मामी अंगणातच टॉवेलनं झटकून मग आत घ्यायची. पुढे मिल्स एकामागून एक बंद पडल्या. मामांचीही पडली. शेवटच्या महिन्यांचा पगार, ग्रॅच्युइटी यांसाठी ते कितीतरी वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. तबकड्या त्या काळात विकल्या गेल्या, मारव्याचीसुद्धा. रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन राहिला, कारण त्याला कुणी भाव दिला नाही.

म्हणून पहिल्या बाजूवर मी मिसिसिपी जॉन हर्ट घेतला. त्यानं १९२८ मध्ये थोडी गाणी मुद्रित केली, ती फारशी खपली नाहीत, तो गावी परत जाऊन शेतात राबू लागला. ३५ वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' या त्याच्याच गाण्यात गावाचं नाव होतं. त्या नावाचा माग काढत १९६३ मध्ये लोक अ‍ॅव्हलॉनला पोचले तर म्हातारा तिथेच होता. बोटांत गाणं तसंच होतं. त्याचा आवाज ओसरीवर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसा आहे. मामांना हे गाणं लावलं की ते दर वेळी विचारतात, "सापडला ना तो शेवटी?" त्यांना माहीत असतं. तरी विचारतात.

पहिली बाजू मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची. त्यांवर तीन मिनिटांच्या आसपासच मावायचं, त्यामुळे चौदा गाणी बसली. सगळ्यांबद्दल लिहीत नाही. फक्त चौदाव्याबद्दल. बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट', १९३९. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना जमावानं झाडाला टांगून मारत, त्याबद्दलचं गाणं. एबल मीरोपोल या शिक्षकानं ते लिहिलं. न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत बिली ते सर्वांत शेवटी गायची. त्या वेळी वेटर थांबत, दिवे मालवले जात, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की तोही बंद, आणि दिवे लागेपर्यंत रंगमंच रिकामा. 'वन्स मोअर' नाही. मी आठ दिवस या गाण्याला शेजार शोधत होते. आधी काहीही चालतं, पण नंतर? प्रेमाचं गाणं लावलं तर अपमान वाटतो, दुसरं दुःखाचं लावलं तर ते खोटं वाटू लागतं. मामांच्या कागदाकडे पुन्हा बघितलं तर त्यांनी ते पहिल्या बाजूच्या शेवटी ठेवलं होतं. म्हणजे गाणं संपलं की उठायचं, कॅसेट बाहेर काढायची, उलटायची, पुन्हा घालायची. तेवढा वेळ खोलीत कुठलाही सूर नाही. मीही तिथेच ठेवलं. पेन ड्राइव्हवर बाजू नसते, म्हणून मी मिक्सच्या दोन फायली केल्या. पहिली संपली की कुणीतरी उठून दुसरी लावायची.

दुसऱ्या बाजूवर, शेवटची दोन सोडली तर, एलपीच्या म्हणजे जास्त वेळ चालणाऱ्या तबकड्यांच्या जमान्यातली लांब गाणी, त्यामुळे आठच. तिची सुरुवात मी एलिंग्टन आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या १९६२ च्या 'इन अ सेंटिमेंटल मूड'नं केली. एलिंग्टन ६३ वर्षांचे, कोल्ट्रेन ३६ वर्षांचा. म्हातारबुवा पियानोवर मोजके स्वर पुन्हा पुन्हा ठेवत राहतात आणि तो धाकटा, एरवी स्वरांचा पूर आणणारा, इथे मर्यादेनं वागतो. थोरांच्या मैफलीत तानपुऱ्यावर बसलेला शिष्य मधेच एखादी जागा घेतो ना, तसा. मग 'ब्लू इन ग्रीन', मग बी. बी. किंग. किंगचं 'द थ्रिल इज गॉन' ऐकताना मामा डाव्या हाताचं बोट हवेत आडवं ओढतात: गिटारची तार बाजूला खेचून स्वर वर चढवणं म्हणजे सतारीवरची मींडच. नीना सिमोनचं 'सिनरमॅन' दहा मिनिटांहून मोठं, बसवलं असतं तर दोन गाणी गेली असती. ते बाहेर राहिलं आणि अजून टोचतंय.

आता शेवट. 'आंधळे गायक, शब्द नाहीत'.

ते गाणं मला पाठ होतं आणि कुणाचं आहे ते ठाऊक नव्हतं. पुण्याच्या खोलीत मी ते शेकडो वेळा ऐकलं असेल. गिटारवर काहीतरी घासत सरकतं आणि एक पुरुष तिच्याबरोबर गुणगुणतो, कण्हतो म्हणावं इतपत. मग एकदा अमेरिकेनं अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीची यादी माझ्या वाचनात आली. १९७७ मध्ये दोन यानं सोडली, प्रत्येकावर पृथ्वीवरच्या संगीताची तबकडी. २७ तुकडे, सुमारे ९० मिनिटं. ९० हा आकडा वाचून मला मामांचं टेबलावरचं घड्याळ दिसलं. कुणीतरी बसून हेच केलं होतं, काय घ्यायचं, काय गाळायचं, कुणाला कुणाशेजारी ठेवायचं. यादीच्या शेवटाकडे आपल्या केसरबाई केरकर, 'जात कहाँ हो', भैरवी, साडेतीन मिनिटं. यानं निघाली त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. आणि त्यांच्या लगेच खाली: ब्लाइंड विली जॉन्सन, 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड', १९२७. ते लावलं. पहिल्या घासण्यालाच ओळखलं.

हा जॉन्सन रस्त्यावर देवाची गाणी म्हणायचा. १९४५ मध्ये टेक्सासमधल्या बोमाँटला त्याचं घर जळलं. जायला जागा नव्हती, म्हणून त्या जळक्या घरातच ओल्या अंथरुणावर झोपला, आजारी पडला आणि गेला. त्याचा आवाज आता सगळ्या ग्रहांच्या फार पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे.

हे मी तेव्हाच मामांना कळवलं होतं का, आठवत नाही. या वेळी मिक्स भरताना नीट सांगितलं. त्यांना नाव कळल्याचा आनंद झालाच, त्यांनी कॅसेटचा जुना कागद मागून घेतला आणि थरथरत्या हातानं त्या ओळीपुढे 'विली जॉन्सन' लिहिलं. मग म्हणाले, "पण केसरबाईंच्या भैरवीनंतर त्याला कसं बसवलं? भैरवीनंतर गाणं नाही." हा आमच्या घरातला कडक नियम. मैफलीत भैरवी झाली की पेटीचा भाता बंद.

मी काही बोलले नाही. दोन्ही लागोपाठ लावली, यादीत आहेत तशी. मामांनी यंत्र कानात नीट बसवलं. केसरबाईंचा तो रुंद, ठाम आवाज त्यांना पुरता पोचला. तो संपला. गिटारवरचं घासणं आलं, गुणगुणणं आलं. बऱ्याच वेळानं मामा म्हणाले, "हा चालेल. हा गात कुठे आहे? भैरवी ऐकून घरी जाताना माणूस वाटेत असाच पुटपुटतो." आणि मग, "दोघांना शेजारी ठेव."

म्हणून माझ्या ब्लूज-जॅझच्या मिक्समध्ये एक भैरवी आहे, शेवटून दुसरी.

एवढं करून तीन मिनिटं उरली. भाच्यानं दोन-तीन गाणी सुचवली. मी तिथे तीन मिनिटं काहीच नाही असं भरलं. कॅसेटला शेवटी असायची तशी कोरी रीळ.

रविवारी दिवेलागणीला आम्ही पूर्ण ९० मिनिटं ऐकलं. बेसीच्या वेळी मामांनी चपला काढून ठेवल्या. पायपेटीचा सूर आला आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर आळीपाळीनं दाबले जाऊ लागले, टाच वर, टाच खाली, भाता मारल्यासारखे, गाणं संपेपर्यंत. पहिली बाजू संपल्यावर त्यांनी मला उठू दिलं नाही. स्वतः काठी घेऊन उठले, प्लेअरपाशी गेले, मी दाखवलेलं बटण दाबलं. विली जॉन्सननंतर कोरी तीन मिनिटं सुरू झाली. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मामा मान खाली घालून बसले होते. रीळ संपल्यावर टेपचं बटण खट् करून वर यायचं, त्याची ते वाट बघताहेत असं मला वाटलं.

त्या बटणानं दुसरी फाइल लावली की ती संपल्यावर प्लेअर आपोआप पहिलीवर जातो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तीन मिनिटं झाली आणि पियानोचे ते उतरते स्वर पुन्हा सुरू झाले.

मामांनी मान वर केली. म्हणाले, "गाडी आली बघ परत."